स्टेट टॅक्स रिटर्न: दर मार्चला मला विचारले जाणारे तेच ते प्रश्न

आधीच सांगते, मी सीपीए (इथले सीए) नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत राहते, नवरा नदीपलीकडे न्यूयॉर्कला कामाला जातो, आणि आमचं रिटर्न मीच भरते म्हणून ओळखीतल्या सगळ्यांना वाटतं की मला यातलं सगळं कळतं. पाडवा आणि १५ एप्रिल (रिटर्नची शेवटची तारीख) इथे जवळजवळ जोडीनेच येतात, त्यामुळे शुभेच्छांच्या मेसेजखाली लगेच "ताई एक विचारायचं होतं" असतंच. तेच ते टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. उदाहरणं जर्सी-न्यूयॉर्ककडचीच जास्त आहेत कारण भोगलंय तेच सांगता येतं. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, तेव्हा आकडा टाकायच्या आधी त्या राज्याच्या त्या वर्षीच्या सूचना बघाच.

फेडरल (केंद्राचं) भरलं ना? मग हे स्टेट आणखी काय?

नवीन आलेला प्रत्येक जण हेच विचारतो आणि त्यात चूक काहीच नाही. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स फक्त केंद्राचा. राज्याचा म्हणून कापला जायचा तो प्रोफेशनल टॅक्स, महाराष्ट्रात महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००, आणि तो कंपनीच परस्पर भरून टाकायची, आपण पे-स्लिपवर बघून विसरायचो. इथे तसं नाही. इथे राज्याचं वेगळं खातं, वेगळा फॉर्म, वेगळे स्लॅब, आणि मुख्य म्हणजे "उत्पन्न" कशाला म्हणायचं याची व्याख्यासुद्धा प्रत्येकाची वेगळी. फेडरलचे आकडे उचलून स्टेटमध्ये टाकले की झालं असं वाटतं ना, तिथेच सगळे फसतात. सॉफ्टवेअर आकडे आपोआप पुढे नेतं खरं, पण ते बरोबर नेलेत का हे बघायला माणूसच लागतो.

टॅक्स नसलेली राज्यं आहेत ना? तिकडेच जाऊन राहावं का?

नऊ आहेत: टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा, अलास्का आणि न्यू हॅम्पशायर. न्यू हॅम्पशायर आधी व्याज आणि डिव्हिडंडवर घ्यायचं, ते २०२५ पासून बंद झालं. वॉशिंग्टन पगाराला हात लावत नाही पण मोठ्या कॅपिटल गेनवर २०२२ पासून टॅक्स आहे, तेव्हा सिअ‍ॅटलवाल्यांनी शेअर्स विकताना जरा बघून. आणि डॅलसला गेलेल्यांना त्यांचा प्रॉपर्टी टॅक्स किती येतो ते एकदा विचारा, मग बोलू. आमच्या न्यू जर्सीतही १९७६ पर्यंत इन्कम टॅक्स नव्हता म्हणे. आपण उशिरा आलो, दुसरं काय.

डब्ल्यू-२ वर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) न्यूयॉर्कपुढे पूर्ण पगार आणि न्यू जर्सीपुढेही पूर्ण पगार दिसतोय. पगार दोनदा मोजला का?

नाही मोजला. पण पहिल्या वर्षी मीही हादरले होते. फेडरलच्या बॉक्स १ मध्ये जो पगार तोच स्टेटच्या बॉक्स १६ मध्ये न्यूयॉर्कसमोर, आणि खाली न्यू जर्सीसमोर त्याहून थोडा जास्तच. बेरीज केली तर नवरा एकदम दुप्पट कमावता झालेला. पेरोलला फोन केला तर तिथली बाई म्हणाली "इट्स करेक्ट" आणि फोन ठेवला. करेक्ट का, ते सांगायचं तिच्या नोकरीत बसत नसावं.

तर कारण असं की न्यूयॉर्कचा नियमच आहे की कर्मचारी तिथे थोडे दिवस जरी काम करत असला तरी कंपनीने बॉक्स १६ मध्ये त्याचा पूर्ण फेडरल पगार दाखवायचा. त्यातला न्यूयॉर्कचा खरा वाटा किती हे तुम्ही रिटर्नमध्ये दाखवायचं, दिवस मोजून. नॉन-रेसिडेंटचा (त्या राज्यात न राहणाऱ्याचा) फॉर्म आयटी-२०३, आणि दिवसांचा हिशोब त्याच्यासोबतच्या आयटी-२०३-बी मध्ये.

आता हे दिवस कसे मोजायचे. आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकलेलं असतं, आई दुधाचे खाडे मांडायची ना तसे मी नवऱ्याचे दिवस मांडते. सुट्टीला "सु", आजारी असेल तर फुली, क्लायंटकडे शिकागोला गेला तर "शि". वर्षाचे ३६५ मधून शनिवार-रविवार १०४ गेले, राहिले २६१. त्यातून १० सरकारी सुट्ट्या, १५ रजेचे (त्यातले बारा पुण्यात गेले), ४ आजारपणाचे. उरले २३२ कामाचे दिवस. त्यातले १२ शिकागोचे, म्हणजे न्यूयॉर्कचे २२०. समजा पगार १,१६,००० डॉलर, तर एक दिवस पडला ५०० डॉलरला, म्हणजे ६,००० डॉलर न्यूयॉर्कच्या हिशोबातून बाहेर. हे कुणी आपणहून देत नाही हं, मागावं लागतं, आणि पत्र आलं तर पुरावा दाखवावा लागतो, म्हणून विमानाची तिकिटं आणि हॉटेलची बिलं एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा. एप्रिलमध्ये बसून मागच्या फेब्रुवारीत कुठे होतो हे आठवायला लागलात तर घरात भांडण नक्की. आमचं झालंय.

एक आणखी चीड आणणारी गोष्ट. न्यूयॉर्क आधी तुमचं दोघांचं सगळं उत्पन्न धरून टॅक्स काढतं, जणू तुम्ही तिथेच राहता, आणि मग त्यात न्यूयॉर्कच्या उत्पन्नाचा हिस्सा किती त्या प्रमाणात आकारतं. म्हणजे माझा जर्सीतला पगार ते थेट टॅक्स करत नाहीत, पण माझ्या पगारामुळे नवऱ्याचा दर मात्र वर जातो. ऐकून डोकं फिरतं, पण असंच आहे. कॅलिफोर्नियाही नॉन-रेसिडेंटला साधारण असाच हिशोब लावतं.

मी आठवड्यात तीन दिवस घरून काम करतो. ते दिवस न्यू जर्सीचे ना?

तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं. न्यूयॉर्कला वाटत नाही.

त्यांचा "कन्व्हिनियन्स ऑफ द एम्प्लॉयर" नावाचा नियम आहे. ऑफिस न्यूयॉर्कला आहे आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरी बसलात तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरायचा. कंपनीच्या खऱ्या गरजेपोटी घरी असाल तरच तो बाहेरचा, आणि ते सिद्ध करणं भलतंच अवघड, डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून होत नाही. म्हणून माझ्या कालनिर्णयावर "घ" लिहिलेले दिवस मी २२० मध्येच मोजले, शिकागोचे तेवढे सोडले. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये उलटा नियम केला, जी राज्यं आमच्या लोकांना असं करतात त्यांच्या लोकांना आम्हीही करणार. जशास तसे. त्यात आपला थेट फायदा फारसा नाही, दोन सरकारांचं भांडण आहे आणि आपण मधल्या रुळावर एनजे ट्रान्झिटच्या गाडीची वाट बघतोय.

मग दोन्हीकडे पूर्ण टॅक्स भरायचा?

नाही. जिथे काम करता त्या राज्याला आधी भरायचा आणि जिथे राहता ते राज्य त्याचं क्रेडिट देतं, म्हणजे ती रक्कम आपल्या टॅक्समधून वजा करतं. पण क्रम महत्त्वाचा: आधी नॉन-रेसिडेंट रिटर्न पूर्ण करा, मग रेसिडेंट. सॉफ्टवेअरमध्ये लोक आधी न्यू जर्सी उघडतात कारण घर तिथे, आणि मग क्रेडिटची रक्कम शून्य येते आणि मला रात्री साडेअकराला फोन येतो की दहा हजार भरायला सांगतंय. न्यूयॉर्क डिलीट न करता जर्सी डिलीट करा, न्यूयॉर्क संपवा, मग जर्सी नव्याने घ्या.

क्रेडिटला मर्यादा आहे. तेवढ्याच उत्पन्नावर जर्सीचा जितका टॅक्स झाला असता त्याच्यापुढे मिळत नाही, आणि न्यूयॉर्कचा दर बहुतेकांना जास्तच पडतो, तो वरचा फरक गेला तो गेला.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, काम न्यू जर्सीत. आम्हालाही हीच कटकट?

तुम्ही नशीबवान. या दोन राज्यांचा करार आहे, पगारावर फक्त राहता त्या राज्याचा टॅक्स. कंपनीला तसा फॉर्म भरून द्यावा लागतो, नाहीतर ते आपलं कामाच्या राज्याचं कापत राहतात. २०१६ मध्ये हा करार मोडायला निघाले होते, मग दोन-तीन महिन्यांत परत फिरले.

फार खुश होऊ नका पण. पेनसिल्व्हेनियात गावागावाचा वेगळा लोकल टॅक्स असतो आणि त्याचं रिटर्न स्टेटपासून वेगळं, वसुली करणारी संस्थाही वेगळी. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला तीन वर्षं पत्ताच नव्हता असं काही असतं म्हणून, मग तिन्ही वर्षांचं एकदम पत्र आलं. आणि जर्सीतून फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांनो, शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा) या करारात येत नाही, तो कापला जाणारच. त्याचं क्रेडिट मात्र न्यू जर्सीत मागता येतं, बरेच जण मागतच नाहीत.

वर्षाच्या मध्ये राज्य बदललं. कुठलं रिटर्न?

दोन्ही, पार्ट-इयर रेसिडेंट म्हणून. तारीख ठरवून ठेवा आणि तीच सगळीकडे लावा: लीज, लायसन्स, मतदान वगैरे नसेल तर गाडीचं रजिस्ट्रेशन. बँकेचं व्याज वर्षभराचं एकच येतं, ते महिन्यांप्रमाणे वाटायला चालतं, पण शेअर विकला असेल तर ज्या दिवशी विकला त्या दिवशी जिथे राहत होता तिथला. कॅलिफोर्नियातून बाहेर पडलेल्या आयटीवाल्यांना एक इशारा, तुमचे आरएसयू (पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर्स) नंतर टेक्सासमध्ये मिळाले तरी ग्रँटपासून (द्यायचं ठरल्यापासून) मिळेपर्यंतचे जेवढे दिवस कॅलिफोर्नियात काम केलं तेवढा हिस्सा ते मागतात.

कंपनीने जुन्याच राज्याचा टॅक्स कापत ठेवला. आता?

एचआरला पत्ता बदलून सांगितला की पेरोलला कळतं हा गैरसमज आहे. आधी दुरुस्त डब्ल्यू-२ मागा. नाही दिला तर त्या राज्यात नॉन-रेसिडेंट रिटर्न भरून कापलेले पैसे परत मागायचे, सोबत कंपनीचं पत्र की हा माणूस अमुक तारखेनंतर इथे काम करत नव्हता. आणि तोपर्यंत नवीन राज्याला तुम्ही खिशातून भरायचे, कारण ते काही जुन्याकडून पैसे यायची वाट बघत नाहीत.

फेडरलला पगार एक आणि स्टेटला जास्त, असं का?

कारण वर म्हटलं ते, व्याख्या वेगळी. न्यू जर्सीत ऑफिसमधून कापलेला मेडिकल इन्शुरन्सचा हप्ता पगारात धरतात, फेडरल धरत नाही. एचएसए (औषधपाण्याच्या खर्चासाठीच्या बचतीच्या) खात्यात टाकलेले पैसे न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया दोन्ही टॅक्सेबल मानतात. ४०१(के) (पगारातून निवृत्तीसाठी कापलेली बचत) न्यू जर्सीत सुटतं पण तसंच असलेलं ४०३(बी) सुटत नाही, त्यामुळे हॉस्पिटल-युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या बायकांना (माझ्या ग्रुपमध्ये चार आहेत) दरवर्षी हा धक्का. पेनसिल्व्हेनिया तर ४०१(के) सुद्धा आत्ताच टॅक्स करतं, निवृत्तीनंतर काढताना मात्र घेत नाही. आणि शेअरमधला तोटा: फेडरलला ३,००० डॉलरपर्यंत वजा करून उरलेला पुढच्या वर्षी नेता येतो, न्यू जर्सीत त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा झाला तर झाला, उरला तो पाण्यात.

उलट एक चांगली गोष्ट लोक विसरतात. टी-बिल्सचं, म्हणजे अमेरिकन सरकारच्या कर्जरोख्यांचं व्याज स्टेटला टॅक्सेबल नाही. ब्रोकर वर्षाच्या उत्पन्नाचा १०९९ फॉर्म देतो त्यावर ते वेगळ्या बॉक्समध्ये असतं, सॉफ्टवेअरमध्ये तिथेच टाका, साध्या व्याजात ढकलू नका. मनी मार्केट फंड असेल तर त्यातला किती भाग सरकारी होता ते फंडवाले वेगळ्या कागदात सांगतात, तो शोधावा लागतो.

भारतातल्या एफडीचं व्याज? तिथे टीडीएस कापलाय की.

इथे आपली मंडळी सगळ्यात जास्त चिडतात आणि बरोबरच चिडतात.

फेडरलला तुम्ही फॉर्म १११६ भरून भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेऊ शकता. न्यू जर्सी देत नाही, कॅलिफोर्निया देत नाही, आणि न्यूयॉर्क कॅनडाच्या प्रांतांना भरलेल्या टॅक्सचं देतं पण भारताचं नाही. म्हणजे एनआरओ (भारतातल्या कमाईच्या) खात्यावर तिकडे ३० टक्के आणि वर सेस कापला गेलेला, आणि इथे राज्य म्हणतं ते आम्हाला माहीत नाही, आमचा हिस्सा टाका. एनआरई (इथून पाठवलेल्या पैशाच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त, पण इथे फेडरलला आणि स्टेटला दोन्हीकडे दाखवायचं. पीपीएफचंही. "पण ते टॅक्स-फ्री आहे" हे मला सांगून उपयोग नाही, ते तिकडे टॅक्स-फ्री आहे.

गेल्या वर्षी एका काकांनी कोथरूडचा वडिलोपार्जित फ्लॅट विकला, भारतात टॅक्स भरला, फेडरलला क्रेडिटने बरंचसं निघालं, आणि न्यू जर्सीचा आकडा बघून ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्यू जर्सीने त्या फ्लॅटचं काय केलं? एक नळ तरी बदलला?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. तेव्हा काही मोठं विकायचं असेल तर विकायच्या *आधी* सीपीएला भेटा, नंतर भेटून तो फक्त आकडा सांगेल.

आणि बँकेचं इंटरेस्ट सर्टिफिकेट एप्रिल ते मार्च असतं, इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. दोन सर्टिफिकेटं घेऊन मधून कापायची, किंवा स्टेटमेंट काढून महिन्यांची बेरीज करायची. कंटाळवाणं आहे, पण एका बैठकीत होतं.

मुलगा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) शिकतोय, तो तर नॉन-रेसिडेंट. त्याला स्टेट लागतं का?

कमाई असेल तर बहुतेक लागतं. फेडरलला नॉन-रेसिडेंट असलेला माणूस स्टेटच्या नियमाने रेसिडेंट ठरू शकतो, दोन्हीचे निकष वेगळे. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना फेडरलला स्टँडर्ड डिडक्शन (ठरलेली सरसकट वजावट) मिळतं, पण काही राज्यं असे करार मानतच नाहीत. युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस बऱ्याचदा फेडरलचं सॉफ्टवेअर फुकट देतं, स्टेटचे पैसे वेगळे असतात. आणि त्याला सांगा, घाईत नेहमीच्या सॉफ्टवेअरने साधं १०४० (रेसिडेंटचा फॉर्म) भरू नको, मित्राने भरलं म्हणून तर अजिबातच नको.

फेडरलचा रिफंड दहा दिवसांत आला, स्टेटचा महिना झाला तरी नाही.

आधी त्या राज्याच्या साइटवर स्टेटस बघा, आणि पोस्टाची पेटी उघडा. मी खरंच सांगतेय, पेटी उघडा. ओळख पटवायचं पत्र येतं, त्यात कोड असतो किंवा काही प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, आणि ते दिसायला अगदी जाहिरातीसारखं असतं. आमच्या दोन राज्यांपैकी एकाने एकदा असं पत्र पाठवलं, ते मी पिझ्झाच्या कुपनांबरोबर रिसायकलिंगमध्ये टाकलं आणि अकरा आठवडे त्यांच्या नावाने बोटं मोडत बसले.

मागच्या वर्षीच्या स्टेट रिफंडवर यंदा फेडरल टॅक्स लागतो का?

मागच्या वर्षी स्टँडर्ड डिडक्शन घेतलं असेल तर नाही. आयटमाइज केलं (एकेक खर्च दाखवून वजावट घेतली) असेल तर कदाचित. तो रिफंड दाखवणारा १०९९-जी फॉर्म बरीच राज्यं आता पोस्टाने पाठवत नाहीत, साइटवरून काढावा लागतो. बाकी आयटमाइजचं म्हणाल तर राज्य आणि प्रॉपर्टी टॅक्स मिळून १०,००० डॉलरचीच मर्यादा २०१८ पासून होती, ती २०२५ साठी ४०,००० झाली (फार जास्त उत्पन्न असेल तर कमी होत जाते), त्यामुळे जर्सीतल्या घरवाल्यांनी यंदा परत एकदा आकडेमोड करून बघाच. भाड्याने राहणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते, न्यू जर्सीत भाड्याच्या १८ टक्के रक्कम प्रॉपर्टी टॅक्स म्हणून धरता येते, तो रकाना रिकामा सोडू नका.

१५ एप्रिलला जमलं नाही तर?

एक्स्टेन्शन (मुदतवाढ) मिळतं पण ते कागदासाठी, पैशासाठी नाही. न्यूयॉर्कला वेगळा फॉर्म लागतो, आयटी-३७०. न्यू जर्सी फेडरलचं एक्स्टेन्शन मानतं पण ८० टक्के टॅक्स तोपर्यंत भरलेला पाहिजे. कॅलिफोर्निया काहीच न मागता सहा महिने देतं. व्हर्जिनियाची तारीख मुळात १ मे आणि लुइझियानाची १५ मे, कुणी विचारलं तर.

सॉफ्टवेअरवाले प्रत्येक स्टेटचे वेगळे पैसे लावतात. फुकट काही?

बऱ्याच राज्यांची स्वतःची साइट आहे. न्यू जर्सीची आहे, पेनसिल्व्हेनियाची मायपाथ आहे, कॅलिफोर्नियाची कॅलफाइल. दिसायला सगळ्या जुन्या रेल्वे चौकशी खिडकीसारख्या, पण काम करतात. दोन राज्यांचं आणि क्रेडिटचं गुंतागुंतीचं असेल तर मी सरळ पैसे देते, एवढा जीव नाही.

"युज टॅक्स" म्हणून काय विचारतंय?

बाहेरून काही मागवलं आणि त्यावर सेल्स टॅक्स लागलाच नाही तर तो तुम्ही स्वतःहून इथे भरायचा. हो, खरंच. मोठ्या साइट्स आता बहुतेक कापतातच, त्यामुळे खरोखर शून्य असेल तर शून्य टाका. रिकामं ठेवलं की सॉफ्टवेअर अडून बसतं.

ताई, तुम्हीच आमचं करून द्याल का?

नाही. पैसे घेऊन करायचं तर सरकारी नंबर लागतो, आणि फुकट करायचं तर त्या चुकीचं पत्र आलं की मैत्री जाते, एकदा गेलीय. लायब्ररीत फेब्रुवारी ते एप्रिल व्हिटा नावाच्या योजनेचे स्वयंसेवक बसतात, उत्पन्न फार नसेल तर फुकट करून देतात. दोन राज्यांचं असेल तर जायच्या आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी ते घेत नाहीत. आणि जाताना डब्ल्यू-२ चं शेवटचं पान फाडून नेऊ नका, सगळी पानं न्या.